नाना अराबाच्या पोस्टरवरचे दोन चेअरमन

आमच्या अबुरान्सी गावात सरकार बदललं की सगळ्यात आधी संडास बदलतो. राजधानीत, आक्र्यात, नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो, तोफा उडतात, ते सगळं रेडिओवर ऐकायला मिळतं. पण सरकार खरोखर बदललं की नाही हे बघायचं असेल तर बाजारामागच्या सार्वजनिक संडासाच्या दाराकडे बघावं. जिंकलेल्या पक्षाची पोरं येतात, दारात बसून पैसे घेणाऱ्या, हरलेल्या पक्षाच्या माणसाला टेबल-खुर्चीसकट बाहेर काढतात, दाराला आपलं कुलूप ठोकतात आणि आता टेबलामागे आपल्यातल्या कोणाला बसवायचं यावर आपसात भांडत बसतात. भांडण मिटेपर्यंत दार बंद. घरोघरी सोय असती तर कोणी तक्रार केली नसती. पण गावात स्वतःचा संडास आहे तो डॉक्टरकडे, मेथडिस्ट पाद्र्याकडे आणि अशा दोन-चार घरी, जिथला मुलगा परदेशात आहे. बाकीच्यांना किनारा. आणि किनाऱ्यावर रात्री बाईमाणसानं जायचं म्हणजे काय, ते बाईमाणसालाच विचारा.

माझं शिंप्याचं दुकान या संडासाच्या बरोब्बर समोर. भाडं कमी आहे, कारण उघड आहे. पण या जागेवरून माणसं जशी दिसतात तशी चर्चच्या पहिल्या बाकावरूनही दिसत नाहीत.

आमच्याकडे पक्ष दोन. शिडी आणि कंदील. तसे मतपत्रिकेवर आणखीही असतात, आंबा आहे, कासव आहे, पण त्यांच्यावर अंगठा उमटवणाऱ्याला लोक चष्मा बदल म्हणतात. शिडीचं पिवळं, कंदिलाचं जांभळं. शिडीवाले आले की कंदीलवाल्यांनी देश खाल्ला म्हणतात, कंदीलवाले आले की शिडीवाल्यांनी खाल्ला म्हणतात, आणि दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट सारखी निघते, की देश खाल्लेला आहे. शिडीचा आमच्या भागाचा चेअरमन एबो आर्कोर्फुल, आडवा, आवाजानं मोठा. कंदिलाचा फीफी बेंट्सिल, उभा, बारीक, बोलताना सारखा रुमालानं मान पुसणारा. दोघं एकाच वर्गात शिकले, एकाच वर्षी नापास झाले. एकाच्या बहिणीचं लग्न दुसऱ्याच्या चुलतभावाशी झालंय. सभेत एकमेकांना चोर म्हणतात आणि रविवारी एकाच बाटलीतून पितात. प्रत्येक निवडणुकीत दोघंही गावाला फरशा बसवलेला, पाण्याचा, नवा संडास द्यायचं वचन देतात. फरशांचा रंग तेवढा वेगळा.

ही गोष्ट एसाबाची आहे. एसाबा म्हणजे आमच्या बाजाराची माशांची राणी. आमच्याकडे प्रत्येक मालाची एक राणी असते, टोमॅटोची असते, कांद्याची असते. भट्टीवर धुरवलेल्या माशांची एसाबा. ती बोलली की भट्टीवाल्या सगळ्या बायका मान हलवतात, आणि ती गप्प बसली की त्या कामाला लागतात. जुलैत तिची आई गेली, नाना अराबा. फार म्हातारी होऊन, झोपेत, कोणालाही त्रास न देता. आता असं भरलेलं मरण आलं की अंत्यविधीही तसाच भरलेला व्हायला हवा. कुटुंबप्रमुख पापा आमिसानं सगळ्यांना बसवलं, दारू जमिनीवर ओतून पूर्वजांना कळवलं आणि तारीख ठरवली, जानेवारीतला दुसरा शनिवार. एसाबाच्या हॅम्बर्गमधल्या भावाला तेव्हाच रजा मिळणार होती. तोवर नाना अराबा इस्पितळाच्या शीतघरात.

बैठकीहून एसाबा थेट माझ्या दुकानात आली. घरच्यांसाठी शोकाचं कापड शिवायचं होतं, लाल आणि काळं, सगळ्यांना एकाच नक्षीचं. मापं सांगता सांगता मध्येच थांबली आणि समोर बघायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, निवडणूक डिसेंबरात आहे ना.

मी म्हटलं, आहे.

तेवढ्यावरून मला हिशेब कळला. डिसेंबरात मतदान, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथविधी, आणि लगेच पुढे नाना अराबाचा शनिवार. मागच्या वेळी शिडी जाऊन कंदील आला तेव्हा दार ईस्टरपर्यंत बंद होतं. आता कंदील जाणार असं टॅक्सीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे म्हणत होते. म्हणजे ताकोराडीहून, कुमासीहून, हॅम्बर्गहून बसेस भरून पाहुणे येणार, रात्रभर जागणार, दिवसभर मक्याच्या पिठाचं केंके, मासे आणि सूप खाणार, आणि मग स्टार्च केलेली नवी कापडं सावरत समुद्राकडे पळणार. आमच्या लोकांत माणूस कसा जगला हे चार वर्षांत विसरतात. त्याच्या अंत्यविधीला काय झालं ते नातवंडांच्या लग्नातही निघतं. ‘ती का, जिच्या मयताला बिशपच्या बायकोला वाळूत बसावं लागलं’ हे वाक्य एसाबाला आत्ताच ऐकू येत होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आधी तिनं सरळ मार्ग धरला. दोन्ही चेअरमनना पापा आमिसाच्या अंगणात बोलावलं आणि एवढंच मागितलं की जिंका, हरा, काय करायचं ते करा, पण शनिवार उलटेपर्यंत दाराला कुलूप नको. आर्कोर्फुल म्हणाला, शिडी असली कामं करतच नाही, ही कंदिलाची सवय. बेंट्सिलनं मान पुसली आणि म्हणाला, कंदिलानं कधी कुलूप लावल्याचं त्याला तरी आठवत नाही, शिडीवाल्यांचं मात्र सांगता येत नाही. दोघांनी शपथ घेतली. दोघांनी नाना अराबाच्या आठवणीनं डोळे पुसले. दोघं जेवून गेले.

पापा आमिसा समाधानानं म्हणाला, झालं की काम. एसाबा म्हणाली, “काका, दोघांनी दुसऱ्याबद्दल जे सांगितलं तेवढंच खरं आहे.”

मग तिनं तिचा डाव काढला. आमच्याकडे मतदानाला दोन कागद मिळतात, एक राष्ट्राध्यक्षाचा, एक खासदाराचा. दोन्हींवर एकाच पक्षाला अंगठा दिला तर तो सरळ मतदार. एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा दिला तर त्याला आम्ही स्कर्ट-ब्लाउज म्हणतो. वरचं एका कापडाचं, खालचं दुसऱ्या. एसाबाचं म्हणणं असं की आजवर गावानं जे जिंकणार त्याला सगळंच दिलं, राष्ट्राध्यक्षही त्याचा, खासदारही त्याचा, म्हणून संडासही त्याचाच. या वेळी वर शिडी द्यायची, कारण देश तिकडेच चाललाय, आणि खाली कंदील. मग सरकार एकाचं, खासदार दुसऱ्याचा. संडास कोणाचाच नाही. कोणाचाच नाही तर कुलूप कोण लावणार?

मला हा हिशेब पहिल्या दिवशी बिनतोड वाटला होता. आता मागाहून शहाणपणा सांगत नाही, खरंच वाटला होता.

निरोप भट्टी-भट्टीवरून फिरला. बायका मासे उलटताना बोलत, पोती बांधताना बोलत. आणि गंमत म्हणजे बोलताना कोणालाच पटवावं लागत नव्हतं. कंदिलानं आठ वर्षांपूर्वी दिलेला बर्फाचा कारखाना अजून पाटीच्या रूपातच उभा होता, आणि त्याच्या शेजारी शिडीनं त्याच्याही आधी दिलेली मासळी-गोदामाची पाटी. दोन्ही पाट्यांच्या मध्ये शेळ्या बांधत. एका बाईनं मला विचारलं, टेलर, दोघांनाही न देता मत देता येत नाही का? मी म्हटलं, आंब्याला दे. ती म्हणाली, आंब्यानं तर पाटीसुद्धा लावली नाही.

प्रचारात दोन्ही पक्षांनी नेहमीप्रमाणे कापड वाटलं, पिवळं नि जांभळं. ते घेऊन बायका माझ्याकडे रांगेत आल्या, आणि प्रत्येकीची मागणी एकच, ब्लाउज पिवळ्याचा, स्कर्ट जांभळ्याचा. मतदानाआधीच्या बाजाराच्या दिवशी भट्टीवाल्या सगळ्या हे घालून बसल्या. माझ्या दारातून तो देखावा जत्रेसारखा दिसत होता. आर्कोर्फुल जीपमधून गेला, त्यानं वरचं पिवळं तेवढं बघितलं आणि हात उंचावला. मागून बेंट्सिल पायी आला, त्यानं नजर खाली ठेवली आणि समाधानानं मान पुसली. दोघांनीही माझ्याकडे वेगवेगळं येऊन सांगितलं की या वेळी बायका आपल्या बाजूला आहेत. दोघांचंही मी खरं मानलं.

मतदान झालं. मोजणी शाळेच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत. अधिकारी एकेक कागद उचलून दाखवतो आणि गाव एका सुरात आकडा म्हणतं. राष्ट्राध्यक्षाचे कागद चालले तेव्हा शिडी, शिडी म्हणत आवाज एवढा चढला की कोंबड्या झाडावर गेल्या. मग खासदाराचे कागद निघाले, तोच आवाज, तीच माणसं, पण आता कंदील, कंदील, कंदील. आर्कोर्फुल अधिकाऱ्याला म्हणाला कागद उलटे धरलेत का बघा. इतर गावांतही थोडंफार तसंच झालं असावं, कारण दोन दिवसांनी रेडिओनं सांगितलं, राष्ट्राध्यक्ष शिडीचा, आमचा खासदार कंदिलाचा. एसाबा त्या संध्याकाळी माझ्या बाकावर येऊन बसली, केंकेची पानं सोडली, दोघांत खाल्लं. फार दिवसांनी तिला चव लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप होतं. पिवळ्या फितीचं. सरकार आमचं, म्हणून संडास आमचा, असं शिडीच्या पोरांचं म्हणणं. दुपारी त्याच कडीत दुसरं कुलूप आलं, जांभळ्या फितीचं. खासदार आमचा, म्हणून संडास आमचा, असं कंदिलाच्या पोरांचं. आजवर जो हरायचा तो मुकाट टेबल उचलून जायचा. या वेळी हरलेलं कोणीच नव्हतं. आजवर भांडण एका पक्षात व्हायचं आणि केव्हातरी मिटायचं. आता ते दोन पक्षांत होतं, म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत चाललं असतं.

एसाबा येऊन त्या दोन कुलपांपुढे उभी राहिली. बायका तिच्याकडे बघत होत्या. एक म्हातारी जाता जाता म्हणाली की स्कर्ट-ब्लाउज फार छान बसलाय, पण आता तो घालून जायचं कुठे.

ती आर्कोर्फुलकडे गेली. तो म्हणाला कुलूप पक्षाचं नाही, पोरांचं आहे, पोरं ऐकत नाहीत, शिवाय आधी कंदिलानं काढावं. ती बेंट्सिलकडे गेली. तो म्हणाला त्यालाही फार दुःख होतंय, पण तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आधी शिडीनं काढावं. ती नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिथले साहेब म्हणाले की मीच सध्या शिडीचा की कंदिलाचा हे वरून कळलेलं नाही, कळल्यावर या.

ख्रिसमस झाला. नवं वर्ष लागलं. पापा आमिसा म्हणाला, तारीख पुढे ढकलू. एसाबानं विचारलं, कुठवर? आणि हॅम्बर्गचं तिकीट काढून झालं होतं.

मग एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “टेलर, प्रचाराची उरलेली पोस्टरं तू फेकली तर नाहीस?”

ती मी कधीच फेकत नाही, कागद जाड असतो, मापांचे नमुने कापायला उत्तम. तिनं त्या ढिगातून दोन निवडली. एकावर आर्कोर्फुल शिडी चढल्यासारखा हात वर करून हसतोय. दुसऱ्यावर बेंट्सिल तळहातावर काही पेटवल्यासारखा हसतोय. ती दोन्ही गुंडाळून ती केप कोस्टच्या बसमध्ये बसली. तिथे छापखाना होता आणि नाना अराबाचं अंत्यविधीचं पोस्टर छापायचं होतंच. ते आमच्याकडे प्रत्येकाचं छापतात, भिंतीभिंतीवर लावतात, आणि ते कोणी काढत नाही. पाऊस आणि शेळ्या काय काढतील तेवढंच.

तीन दिवसांनी गाव उठलं तेव्हा पोस्टर लागलेलं होतं. बाजारात, बस-स्टँडवर, दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर, चर्चच्या फाटकावर. वर मधोमध नाना अराबा, खुर्चीत, सोन्याच्या माळा घालून. खाली नेहमीचं सगळं, मुलं, सुना, नातवंडं, परगावचे कुटुंबप्रमुख. आणि तळाशी, भाच्यांच्या फोटोंपेक्षा ठळक, हसणारे दोन चेहरे. त्यांच्याखाली लिहिलं होतं: ‘पाहुण्यांच्या संडासाची व्यवस्था : चेअरमन एबो आर्कोर्फुल आणि चेअरमन फीफी बेंट्सिल, संयुक्तपणे.’

सकाळी दहाच्या आत आर्कोर्फुल एसाबाच्या भट्टीवर पोहोचला. मी तिथे मापं घ्यायला गेलो होतो असं समजा.

“एसाबा, हे काय छापलंयस?”

“का, नाव चुकलं?”

“नाव बरोबर आहे. नावाखाली काय आहे ते विचारतोय. माझी सासुरवाडी हे वाचणार. आक्र्याहून मंत्री येणारेत शनिवारी.”

“मग बरंच झालं. मंत्र्यांनाही लागेलच की.”

त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, रात्रीतून पोरांना पाठवून सगळी फाडायला लावीन.

एसाबानं मासे उलटायचं थांबवलं नाही. “वर माझी आई बसलीय, चेअरमन. फाडायची तर तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. करा. कोण फाडतंय ते टेलरच्या दुकानातून दिसतंच.”

आर्कोर्फुलनं माझ्याकडे बघितलं. मी टेप गुंडाळत होतो. मृताचं पोस्टर फाडणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर तो निवडणूक लढवणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. तेवढ्यात बेंट्सिल आला, रुमाल हातात. त्याची तक्रार वेगळी होती. त्याचं नाव दुसरं का छापलं?

एसाबा उठली. एवढा वेळ ती थट्टेत बोलत होती, आता नव्हती. “माझ्या आईनं आयुष्यभर तुम्हा दोघांच्याच पक्षांना मत दिलं. एकदा याला, कंटाळली की त्याला, त्याचा कंटाळा आला की पुन्हा याला. उन्हात रांगेत उभी राहायची, शाई लावून यायची आणि ती शाई जपायची. तिनं तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि तुम्हीही दिलं नाही. आता ती एक दिवस मागतेय. नाही जमणार म्हणा, मी छापखान्यात कळवते, तसंही छापतील.”

दोघं गेले. पण प्रश्न सुटला नव्हता, कारण आता दोघांना वेगळीच काळजी लागली. आपण कुलूप आधी काढलं तर आपण नमलो असं दिसणार. दुसऱ्यानं आधी काढलं तर श्रेय त्याला. दोघंही माझ्या दुकानात येऊन, शिवायला काहीही न देता, समोरच्या दारावर नजर ठेवून बसू लागले. एक सकाळी, एक दुपारी. रस्त्यानं जाणारी माणसं त्यांना अदबीनं विचारत, चेअरमन, शनिवारी पाण्याची बादली आतच असेल ना? कागदाचं काय? पाद्रीबाईंनी विचारलं की म्हाताऱ्यांसाठी धरायला काही आहे का. एवढ्या वर्षांत मतदारानं त्यांना इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता. आणि उत्तर द्यायला ते दोघंच होते, पोस्टरवर तिसरं नाव नव्हतं.

शेवटी शुक्रवारी सकाळी, नाना अराबा शीतघरातून घरी यायच्या थोडं आधी, दोघं आपापली माणसं घेऊन दारापुढे आले. ठरलं होतं की एकाच क्षणी दोन्ही किल्ल्या फिरतील. पापा आमिसानं हात खाली केला. बेंट्सिलचं कुलूप खटकन् निघालं. आर्कोर्फुलचं निघेना.

समुद्राची हवा. महिनाभरात खारं वारं सरकारच्या कुलपात शिरून बसलं होतं. आर्कोर्फुलनं किल्ली उलटी फिरवली, कुलपाला शिव्या घातल्या, पोरांना घातल्या. कंदिलाची पोरं हसायला लागली आणि बेंट्सिलही हसला, पण अर्ध्यावर थांबला. मला तो क्षण समोरून दिसला. त्यानं भिंतीवरच्या पोस्टराकडे बघितलं आणि त्याला कळलं की दार उघडलं नाही तर तेही दोघांचं, संयुक्तपणे.

मग तो मुकाट माझ्याकडे आला आणि मशीनच्या तेलाची बुधली मागून घेऊन गेला. गावानं पुढे जे बघितलं ते मोजणीच्या दिवशीही बघितलं नव्हतं. शिडीचा चेअरमन गुडघ्यावर बसून कुलूप धरतोय, कंदिलाचा चेअरमन त्यात थेंब थेंब तेल सोडतोय, आणि दोघं एकमेकांना बारीक आवाजात सूचना देतायत. तेलानं भागलं नाही. शेवटी आर्कोर्फुलच म्हणाला, “फीफी, दगड घे. घाल घाव. मी धरतो, पण हात सांभाळ माझा.”

बेंट्सिलनं दगड घेतला आणि सरकारचं कुलूप सरकारच्याच विनंतीवरून फोडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आतून जो वास आला त्यानं टाळ्या थांबल्या. मग दोन्हीकडच्या पोरांना बादल्या दिल्या गेल्या. पिवळ्या आणि जांभळ्या टीशर्टांतली पोरं एका रांगेत उभी राहून विहिरीपासून पाणी पोचवत होती. संध्याकाळपर्यंत चुना लावून झाला. टेबल कोणाचं ठेवायचं हा वाद निघाला तेव्हा एसाबानं सांगितलं, टेबलच नको.

शनिवार जसा व्हायला हवा तसा झाला. नाना अराबा सोनं घालून बसवलेल्या राणीसारखी दिसत होती. ढोल होते, पितळी बँड होता, बसेस बाजाराच्या पलीकडे उभ्या कराव्या लागल्या. दोन्ही चेअरमन पक्षाचे रंग सोडून लाल-काळ्या कापडात संडासाच्या दाराशी उभे, एक बायकांच्या बाजूला, एक पुरुषांच्या. उभं राहायची गरज नव्हती. पण एक उभा राहिला म्हटल्यावर दुसरा कसा जाणार? ‘या मावशी, पायरी सांभाळा, ओली आहे’ असं आर्कोर्फुल म्हणत होता, आणि ते तो चांगलं म्हणत होता. बिशपची बायको जाऊन आली आणि त्याला आशीर्वाद देऊन गेली. हॅम्बर्गचा भाऊ पुरुषांच्या बाजूनं बाहेर आला, चेअरमनना ओळखत नव्हता, जाता जाता त्यानं आर्कोर्फुलच्या हातावर एक युरोचं नाणं ठेवलं. आर्कोर्फुलनं इकडेतिकडे बघितलं आणि कमरेला खोचलं.

दुपारी देणग्यांच्या टेबलापाशी लाऊडस्पीकरवर नावं पुकारली जात होती. कोणी किती दिलं ते सगळ्या गावाला ऐकवतात, म्हणून लोक देतात. बेंट्सिल पुकारणाऱ्याच्या कानाशी लागला. संडासाचंही जाहीर कर म्हणाला, पण कंदिलानं आधी उघडलं असं सांग. आर्कोर्फुलला दुरून संशय आला, तोही येऊन दुसऱ्या कानाशी लागला, म्हणाला कुलूप शिडीचं फुटलं, म्हणजे त्याग शिडीचा. पुकारणारा गोंधळून एसाबाकडे बघायला लागला. एसाबानं त्याच्या हातातून माईक घेतला.

“आमच्याकडे आज संडास उघडा आहे,” ती म्हणाली. “कोणी उघडला असं काहीजण विचारतायत. नाना अराबानं उघडला. जिवंत होती तेव्हा तिच्या मतानं उघडत नव्हता.”

ती एवढंच बोलून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. आईसाठी ती तोवर रडली नव्हती. बायकांनी तिच्या भोवती कडं केलं आणि बँडवाल्यानं शहाणपणानं वाजवायला सुरुवात केली.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं तर समोर गर्दी. आर्कोर्फुल नवं कुलूप घेऊन आला होता, पितळेचं, न गंजणारं. बेंट्सिलकडेही तसंच, एकाच दुकानातलं. दोघांच्या मते पाहुणे गेले, शब्द पुरा झाला, आता पुन्हा तत्त्वाचा प्रश्न. पण दारात एसाबा स्टुलावर बसली होती, पूर्ण काळ्यात, आणि तिच्यामागे भट्टीवाल्या सगळ्या. आमच्यात आईचा शोक वर्षभर पाळतात. काळं घातलेल्या बाईला उठ म्हणत नाहीत.

“वर्षभर लोक भेटायला येत राहणार, चेअरमन,” ती म्हणाली. “काल आले, आज येतील. ते पाहुणेच.”

शेजारी आर्थर कुटुंबाची माणसं पापा आमिसाशी हलक्या आवाजात बोलत उभी होती. त्यांचा म्हातारा गेल्या आठवड्यात गेला होता. दफनभूमीकडे जाणारा रस्ता पार खचलाय, तर तुमचा छापखाना कोणता, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दोन्ही चेअरमननी ते ऐकलं.

आर्कोर्फुलनं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “आणि वर्ष झाल्यावर काय, एसाबा?”

“वर्षश्राद्धाचं नवं पोस्टर छापावं लागेल,” ती म्हणाली. “दोघंही नवे फोटो काढून ठेवा. यात फार हसताय.”